वाण्याच्या दुकानातलं 'दह्यासारखं'

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, दारात सहा गाई, दोन्ही वेळचं दूध डेअरीला जातं, माझी कॉलेजची फी त्याच दुधाच्या पगारातून गेली, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी डॉक्टर मला सांगतायत की ताई तुम्हाला दूध पचत नाहीये. मला हसूच आलं. म्हणलं डॉक्टर, लहानपणी धारोष्ण दूध पिऊन मिशा पुसत शाळेत गेलेली पोर आहे मी. तर ते म्हणाले तसंच असतं, दुधातली साखर पचवायला आतड्यात जे एन्झाइम लागतं ते बऱ्याच जणांचं लहानपणानंतर कमी कमी होत जातं, कुणाचं लवकर कुणाचं उशिरा, पंधरा दिवस सगळं बंद करून बघा. बंद केलं आणि तीन वर्षांची पोटदुखी गेली. तूप चालतं मला, त्यात ती साखर जवळजवळ नसतेच, पण दूध, चहा, पनीर, खवा सगळं गेलं, आणि दही लोकांना सोसतं म्हणतात, मला तेही नाही. आप्पांना, म्हणजे वडलांना, हे सांगायची माझी हिंमत वर्षभर झाली नाही.

दूध सोडलं की कळतं ते कुठे कुठे असतं ते. बिस्किटात दूध पावडर, काही ब्रेडमध्ये दूध, हॉटेलातल्या ग्रेव्हीत क्रीम, ढोकळ्यात दही, आंबिलीत ताक. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून आपण निवांत असतो पण तो फक्त शाकाहारी एवढंच सांगतो, दूध त्यात बसतंच. मग मी पाकिटं उलटी करून वाचायला लागले, चष्मा डोक्यावरून नाकावर आणि नाकावरून डोक्यावर, दुकानातल्या पोरांना वाटायचं ही बाई एक्स्पायरी बघतीये.

अशीच एकदा हिंग आणि जाडे पोहे आणायला आमच्या वाण्याकडे गेले होते. पुण्यात डहाणूकर कॉलनीच्या आसपास आहे दुकान, नेमकं कुठे ते सांगणार नाही कारण आत्ताच साडेसातला भाकरी संपलेली असते, तुम्ही सगळे आलात तर मला उपाशी राहावं लागेल. जुनं दुकान आहे, शेठ चाळीस वर्षं गल्ल्यावर बसतायत, उधारीची वही अजून चालू आहे, क्यूआर कोडचा स्टँड त्या वहीवरच वजन म्हणून ठेवलेला असतो. तर त्या दिवशी बघते तर जिथे कोल्ड्रिंकचा फ्रीज होता तिथे एक काचेचं काउंटर, मागे तीन मोठी स्टीलची पातेली गरम पाण्यात ठेवलेली, भाकऱ्यांचा डबा, आणि शेठची धाकटी सून ॲप्रन घालून उभी. वर फळा, त्यावर इंग्रजीत रंगीत खडूने व्हीगन (म्हणजे प्राण्यांकडून आलेलं काहीच नाही, दूधसुद्धा नाही) वगैरे लिहिलेलं आणि कडेला पानं काढलेली.

मी विचारलं हे काय हो शेठ, तर ते मान न उचलता म्हणाले, "वॅगनचं काउंटर आहे. सुनेचं."

पुढचे दोन महिने त्या काउंटरचं नाव अख्ख्या गल्लीत वॅगन काउंटरच होतं. कुणी वेगन म्हणायचं कुणी व्हेगन, आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांना खरंच वाटलं होतं की गाडीचं काहीतरी आहे. मूळ शब्दही तसा जोडून काढलेलाच आहे म्हणा, १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन नावाच्या माणसाने आणि त्याच्या मंडळींनी व्हेजिटेरियन शब्दाचं डोकं आणि शेपूट घेऊन तो केला, मधलं सगळं टाकून दिलं. पण कोथरूडात त्या शब्दाला गिऱ्हाईक मिळेना. लोक यायचे, फळा वाचायचे, "हे डाएटवाल्यांचं असणार" असं एकमेकांना सांगायचे आणि शेंगदाणे घेऊन घरी जायचे. सूनबाई बिचारी रोज उरलेली उसळ घरच्यांना खायला घालायची, शेठच्या नातवाने एकदा मला स्वतःहून सांगितलं की मावशी मला मटकी नको झालीये.

मग एक दिवस फळा बदलला. पानं गेली, इंग्रजी गेलं, आणि साध्या मराठीत लिहिलं होतं, "आजचं ताजं. दूध, दही, तूप, लोणी, मध यातलं काही नाही." खाली पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, भरली वांगी. बस. त्या आठवड्यापासून रांग लागली. डॉक्टरने तूप बंद केलेले आजोबा, माझ्यासारखे दूध न पचणारे (आम्ही किती जण आहोत ते मला त्या रांगेत कळलं, सगळे लाजेने गप्प असतात), कॉटबेसिसवर राहणारी एमपीएससीवाली पोरं ज्यांना दूधबिधशी काही घेणं नाही, फक्त नव्वद रुपयात दोन भाकऱ्या आणि पिठलं मिळतंय एवढंच बघायचंय, आणि तीनचार खरेखुरे व्हीगन, ते ओळखू येतात, ते भाकरीला वरून काही चोपडलंय का ते दोनदा विचारतात.

मला यातलं जे सगळ्यात आवडलं ते हे की तिने वेगळं काही शोधलेलंच नाही. आपल्या जेवणातलं निम्मं असंच आहे की. पिठलं, झुणका, मटकीची उसळ, अळूचं फतफतं, कोथिंबीर वडी, भरलं वांगं, शेंगदाण्याची आमटी, खर्डा, तेलावरचं थालीपीठ, सोलकढी, यात गाय-म्हैस आहेच कुठे? आपण वरून तूप घालतो, शेजारी दही घेतो, शेवटी ताक पितो, ते काढून घेतलं की जे राहतं ते विकायला ठेवलंय. होळीला तिने तेलपोळी केली होती, म्हणजे तुपाऐवजी तेलावर लाटलेली पुरणपोळी, आणि सोबत नारळाचं दूध, कोकणात खातात तशी. मी तीन घेतल्या, एक रस्त्यातच उभ्याने खाल्ली.

हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं मात्र. स्वयंपाकाला ज्या मावशी आहेत त्या वेल्ह्याकडच्या, हाताला काय चव आहे सांगू, पण पहिल्या पंधरा दिवसात त्या नकळत पिठल्यात ताकाचा हात लावायच्या, सवयच ती, आंबटपणा हवा ना. सूनबाईने चिंच आणि आमसूल हाताशी ठेवलं तेव्हा ते सुटलं. पण वरणभातावर मात्र मावशी अडल्या ते अडल्याच. म्हणे वरणावर तूप न घालता मी कुणाला ताट देणार नाही, घरात कुणी गेल्यासारखं वाटतं. दोन दिवस वाद झाला, शेवटी मेनूतून वरणभातच काढला. मला हे फार पटलं, मावशींचं पण आणि काढून टाकल्याचं पण.

काही गोष्टी जमत नाहीत ते पण सांगते, नाहीतर म्हणाल जाहिरात करतीये. सोया दुधाचा चहा हा प्रकार कुणी करू नये. एकतर ते दूध उकळत्या चहात टाकलं की फाटतं, नाही फाटलं तर भिजवलेल्या डाळीचा वास येतो, मी तीन वेळा प्रामाणिकपणे प्यायले आणि तिन्ही वेळा कुंडीतल्या तुळशीची मनातल्या मनात माफी मागितली. गवती चहा, आलं, लिंबू घालून कोरा चहा देते ती, तो छान असतो, तेवढाच ठेवावा. आणि सोया पनीरचं बटर मसाला. त्यात काजूची पेस्ट वगैरे असते, माझ्या मुलाला आवडतं, पण मला त्याच्यात काहीतरी खोटं वाटतं, पनीर नाहीये तर नाहीये ना, कशाला सोंग. वांग्याला कधी कुणाचं सोंग घ्यावं लागलंय का.

पण दाण्याचं दही! त्याला मी हरले. शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढायची (हे काम शेठ स्वतः गल्ल्यावर बसून करतात, कुणाला सांगू नका), बारीक वाटून गाळायचं, मग ते उकळायचं आणि सतत ढवळायचं कारण ते बुडाला धरतं, कोमट झालं की विरजायचं. आता विरजण कसलं? साध्या दह्याचं विरजण लावलं तर मग मूळ मुद्दाच गेला. तर ती हिरव्या मिरचीचे देठ टाकते त्यात. देठावरच्या जंतूंनी लागतं म्हणे. पहिलं घाणं थोडं सैल आणि उग्र येतं, मग त्याचंच विरजण पुढच्याला, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून मस्त घट्ट. दाण्याचा वास राहतोच थोडा, पण काकडीची कोशिंबीर केली की कळत नाही, आणि कूट वेगळं घालायला लागत नाही हा फायदा.

फळ्यावर त्याला दही मात्र लिहिलेलं नसतं. २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालाचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं होतं की सोया, बदाम वगैरेंच्या पेयांना पाकिटावर दूध म्हणायचं नाही, नारळाचं दूध तेवढं चालतं कारण ते नाव आधीपासूनचं आहे. त्याच वर्षी तो हिरव्या चौकटीतला व्ही आणि त्यावर पान असा व्हीगन लोगोही आला. तर हे सगळं पाकीटबंद मालाचं, पण सूनबाई बीकॉम, नियम म्हणजे नियम, तिने फळ्यावर लिहिलं "दाण्याचं दह्यासारखं". त्यामुळे आता सगळी कॉलनी जाऊन म्हणते, "पाव किलो दह्यासारखं द्या."

डब्यांचं सांगायचं राहिलं. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर शेठनी पिशव्या ठेवणं बंद केलं ते खरंच बंद केलं (अख्ख्या गल्लीत तेवढेच एक असतील), त्यामुळे काउंटरवर आपला डबा न्यायचा, पाच रुपये कमी घेतात. आता सगळ्यांचे डबे स्टीलचे आणि सगळे सारखे, पण आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत किती उपयोगी आहे ते इथे कळतं. माझ्या डब्यावर सासरचं आडनाव आणि "वास्तुशांत १९८७" असं कोरलंय. एकदा तो डबा अदलाबदलीत भलतीकडेच गेला आणि चार दिवसांनी परत आला तो आत शेवग्याच्या पाल्याची भाजी घेऊन. ज्यांच्याकडे गेला होता त्या काकूंना मी ओळखतही नव्हते. रिकामा कसा द्यायचा, एवढंच म्हणाल्या. आता आम्ही सोसायटीच्या बागेत एकत्र चालायला जातो.

तर आप्पा. मागच्या थंडीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले दहा दिवस. मेट्रोत बसायचंच होतं म्हणून स्वारगेटला एसटीतून उतरून, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून, डोळ्याला नीट दिसत नसताना खिडकीला नाक लावून आले. दुसऱ्याच दिवशी मला चहा न पिताना बघितलं आणि विचारलं, आणि मग मला सांगावंच लागलं. गप्प बसले. मग म्हणाले, "आगं मग आधी सांगायचं न्हाई का, मी दर बारीला पेढं घिऊन येतुय." एवढंच. वर्षभर मी कशाला घाबरत होते कुणास ठाऊक.

पण काउंटर अजून दाखवायचं होतं. माणूस पहाटे चारला उठून गोठ्यात जातो. डेअरीवर रोज मशिनमध्ये दूध ओतलं की फॅट साडेतीन आणि एसएनएफ (म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात जे उरतं ते) साडेआठ भरलं तर ठीक, पॉइंट कमी आला की पैसे कापले. २०१८ च्या जुलैमध्ये दुधाचं आंदोलन झालं तेव्हा गावात लोकांनी रस्त्यावर दूध ओतलं, आप्पांनी नाही ओतलं, म्हणाले पाठिंबा आहे पण हातानं दूध ओतवत नाही, आणि चार दिवस आई खवा आटवत बसली, शेजारी वाटत बसली. २०२४ मध्ये लिटरला पाच रुपये अनुदान आलं ते पण कागदपत्रांच्या चकरा मारून. अशा माणसाला घेऊन मी "दूध, दही, तूप, लोणी काही नाही" अशा फळ्यासमोर जाणार होते.

गेले. डोळ्याला काळा चष्मा, डोक्याला टोपी. सूनबाईला मी आधीच सांगून ठेवलं होतं की वडील दूधवाले आहेत, ती बिचारी इतकी घाबरली की तिने पहिल्यांदा फळा उलटा करून ठेवला होता. आप्पांनी काचेतून बघितलं, मग "ते पांढरं काय" म्हणून विचारलं. तिने वाटीत दिलं. आप्पांनी बोटावर घेतलं, अंगठ्यावर चोळलं, जिभेला लावलं, आणि डेअरीवरचा माणूस बोलतो तशा आवाजात म्हणाले,

"फॅट हाय. एसएनएफ मार खाईल."

शेठ गल्ल्यावरून मोठ्याने हसले, मी त्यांना चाळीस वर्षांत, म्हणजे माझ्या पंधरा वर्षांत, पहिल्यांदा हसताना बघितलं. मग दोघांची जी जुगलबंदी सुरू झाली! आप्पांनी विचारलं दाणे किती लागतात, ती म्हणाली लिटरभराला पाव किलो धरा. दाणे काय भाव, शेठ म्हणाले एकशेचाळीस. आप्पांनी बोटांवर हिशेब केला, पस्तीस रुपये झाले नुसत्या दाण्याचे, गॅस वेगळा, सालं काढायची मजुरी वेगळी (शेठ इथे दुसरीकडे बघायला लागले).

"म्हंजी आमाला लिटरला जेवढं सुटत्यात तेवढ्याचं तर तुमचं दाणंच जात्यात," आप्पा म्हणाले. "आन आमची तर गाय हाय, वैरण हाय, डॉक्टर हाय, कर्ज हाय."

कुणालाच यावर काही बोलता आलं नाही. मावशींनी आतून गरम भाकरी आणून आप्पांच्या हातावर ठेवली, वर ठेचा, तेवढंच झालं.

विरजणाचं ऐकल्यावर मात्र ते एकदम खुलले. मिरचीचे देठ! म्हणाले आमची आई हेच करायची, उन्हाळ्यात विरजण नासलं आणि शेजारी मागायला जायचं नसलं, भांडण चालू असलं की देठं टाकायची दुधात. सूनबाईने हे मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलं होतं. तिने लगेच विचारलं, आजोबा, किती टाकायच्या त्या? आप्पा म्हणाले पाचसात, पण मिरची ताजी पाहिजे आणि देठ धुवायचं न्हाई. ती धुवायची! म्हणून पहिलं घाणं सैल यायचं म्हणे. खरं कारण तेच का माहीत नाही पण तेव्हापासून ती धूत नाही, नुसती पुसते.

उरलेले आठ दिवस आप्पा रोज सहाला टोपी घालून डबा घेऊन स्वतः जायचे. पिठलं भाकरी आणायला म्हणून, पण यायचे तासाने. शेठ आणि ते दुकानाबाहेरच्या स्टुलावर बसून पावसाबद्दल, तुरीच्या भावाबद्दल आणि सुनांबद्दल बोलत बसायचे असा मला दाट संशय आहे. जाताना सूनबाईने त्यांना वास्तुशांत १९८७ भरून दाण्याची चटणी दिली, मी म्हणलं अगं तो माझा डबा आहे, ती म्हणाली ताई येईल की परत.

आला. दीड महिन्याने चुलतभाऊ गाडी घेऊन पुण्याला आला त्याच्याबरोबर. गाय व्यायली होती. डब्यात वेलदोडा-जायफळ घातलेला, गुळाचा, चांगला बोटभर जाडीचा खरवस.

आता काय करायचं? मला चालत नाही. ज्यांच्यासाठी पाठवला ती दुधाला हात लावत नाही. पण डबा तर तिच्यासाठीच, आप्पांनी चिठ्ठीच लावली होती, "दुकानातल्या ताईस". मी घेऊन गेले, मुकाट्याने काउंटरवर ठेवला आणि काय आहे ते सांगितलं. ती डब्याकडे बघत राहिली थोडा वेळ. मग म्हणाली, "वासराला मिळालं ना ताई आधी?"

मी तिथूनच आप्पांना फोन लावला, स्पीकरवर. आप्पा म्हणाले, "तिला म्हणावं कालवड हाय, पोटभर पाजलंय, आमच्यात वासराला पाजल्याबिगर खरवस करत न्हाईत." मागे ती कालवड हंबरत पण होती, साक्ष दिल्यासारखी.

सूनबाईने खाल्ला नाही. मी पण नाही. शेठनी मात्र गल्ला बंद करून, पाठ आमच्याकडे करून, दोन वड्या खाल्ल्या, तिसरी मावशींना दिली, आणि नातवाला हाक मारली. नंतर तिने डबा स्वतः घासला, राखेने घासल्यासारखा लख्ख, आणि त्यात दाणे-गुळाचे लाडू भरून माझ्याकडे दिला, इंदापूरला जाईल कुणी तेव्हा पाठवा म्हणून.

तो डबा गेले बारा दिवस माझ्या ओट्यावर आहे. गावाकडे कुणी जात नाहीये. लाडू मूळचे एकवीस होते, आज सकाळी मोजले तर चौदा, आणि माझा मुलगा म्हणतोय त्याला काही माहीत नाही.